कोणाचीच नसलेली राजधानी

बाराव्या-तेराव्या शतकात सौंदत्ती आणि बेळगाव भागावर राज्य करणारे रट्ट राजे आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लत्तलूर म्हणजे आजचे लातूर. या राजांची सत्ता लातूरवर कधीच नव्हती. बिरुद होते राष्ट्रकूटांचे, आणि राष्ट्रकूटांचे साम्राज्य ९७३ मध्येच कोसळले होते. रट्टांचे म्हणणे एवढेच की आम्ही त्या घराण्याचे. शेजारी गोव्याच्या कदंबांचीही हीच तऱ्हा. त्यांची एक राजधानी खानापूर तालुक्यातल्या हलशीला, राज्य कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर, पण बिरुद ‘बनवासीपुरवराधीश्वर’. बनवासीचे मूळ कदंब राज्य सहाव्या शतकातच बदामीच्या चालुक्यांनी बुडवले होते. तरीही सहाशे वर्षांनंतरचा राजा त्याच नगरीचा स्वामी म्हणून दानपत्रावर नाव घालत होता.

अद्भुत साहित्य वाचणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) अॅरागॉर्न हा रानावनात हिंडणारा, चिखलाने माखलेले बूट घालणारा माणूस समुद्रात बुडालेल्या न्यूमेनॉर बेटाच्या राजवंशाचा वारस असतो. त्याच्याजवळ असते एक तुटकी तलवार आणि एक वंशावळ. तो ज्या टेकडीवर रात्र काढतो तिथे त्याच्याच पूर्वजांच्या टेहळणी बुरुजाचे दगड विखुरलेले असतात. लयाला गेलेली संस्कृती ही अद्भुत कथांतली सगळ्यांत जास्त वापरली गेलेली गोष्ट आहे. पडके मनोरे, वाचता न येणारी लिपी, वाळूखालची शहरे नसलेली अशी कथा शोधावी लागेल. पुष्कळदा हा मालमसाला नुसत्या शोभेसाठी येतो. पण चांगल्या लेखकाच्या हाती तो आला की एक प्रश्न उभा राहतो, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे: जे गेले त्याच्या जागेवर आज राहणाऱ्या माणसाने जगायचे कसे? गेलेले आपले म्हणून मिरवायचे, विसरायचे, की त्याच्या तावडीतून सुटायचे?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकात शोधायची गरज नाही. सातवाहन, कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट, रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज असे सगळे या जमिनीवरून गेले आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती घ्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास हे जैन मंदिर बांधले. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ आजही बघणाऱ्याला मान वर करून उभे ठेवते. पण या काळातले दानलेख कोरलेल्या शिळा मंदिराजवळ नाहीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इमारत एका खंडात, तिची कैफियत दुसऱ्या खंडात. पुढे यादवांनी रट्टांचे राज्य संपवले. १४७२ मध्ये महमूद गावानने बहमनी सुलतानासाठी किल्ला जिंकला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. आज त्याच तटाच्या आत लष्कर आहे, रामकृष्ण आश्रम आहे, मशीद आहे, बस्ती आहे. एवढ्या राजवटी एका तटबंदीत मावलेल्या पाहिल्या की कल्पित नगरी रचणाऱ्या लेखकाला जी थरांची रचना मुद्दाम करावी लागते ती इथे आयती दिसते.

सामान्य माणसाने या अवशेषांचा अर्थ लावला तो इतिहास न शिकता. जुने दगडी देऊळ दिसले की ते पांडवांनी बांधलेले, तेही एका रात्रीत. अर्धवट राहिले असेल तर कोंबडे आरवले म्हणून. गोकाकजवळच्या कोन्नूरला महापाषाणयुगीन दगडी खोल्या आहेत. कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेणकलच्या डोंगरावर अशा शेकडो आहेत, उभ्या शिळांच्या भिंती, वर एक सपाट शिळा आणि समोर गोल भोक. ती मोरियांची घरे, असे तिथले लोक सांगत आले. मोरिया म्हणजे बुटक्या माणसांची एक नाहीशी झालेली जात. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने ही लोहयुगातली दफनाची स्मारके आहेत. पण भोकातून वाकून आत बघणाऱ्या गुराख्याला एवढ्या लहान दारातून ये-जा करणारी माणसे लहानच असणार असे वाटले तर त्यात अडाणीपणा नाही, समोरच्या पुराव्यावरून काढलेले ते अनुमान आहे. इंग्लंडमध्ये रोमन लोक गेल्यावर त्यांचे पडके हमामखाने बघून जुन्या इंग्रजी कवीला ती राक्षसांची करणी वाटली होती. टोल्किन ऑक्सफर्डला नेमकी हीच जुनी इंग्रजी शिकवत असे. त्याच्या बुटक्या लोकांनी डोंगराच्या पोटात कोरलेली मोरिया ही नगरी आणि आपल्याकडच्या मोरियांची घरे यांच्या नावातले साम्य हा निव्वळ योगायोग आहे, त्याहून जास्त काही मानू नये. कल्पनेची वाट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: काम आपल्या ताकदीबाहेरचे दिसले की करणारे आपल्यासारखे नसावेत.

इथे एक गंमत लक्षात येते. लोककथेत नगरी एका रात्रीत उभी राहते. लिहिणाऱ्यांच्या कथेत ती एका रात्रीत बुडते. प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अटलांटिसची गोष्ट सांगितली तेव्हा ते बेट एक दिवस आणि एक रात्र एवढ्यात समुद्रात गडप झाले असे सांगितले. त्या बेटाचा मूळ स्वामी समुद्रदेव पोसायडन. त्याचे सोन्यारुप्याने मढवलेले मंदिर बेटाच्या मधोमध होते, असे प्लेटो वर्णन करतो. हा पोसायडन निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर पाहायला मिळतो. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले. साठ्यात पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. उघडे अंग, दाढी, एक हात वर उचललेला. त्या हातात त्रिशूळ असणार, तो आता नाही. रोमशी व्यापार चालू असताना, सातवाहन काळात, कोणा सधन माणसाने ती घरात ठेवली असावी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ती मूर्ती आहे, आणि ती पाहताना मला प्लेटोपेक्षा त्या घरमालकाचा विचार जास्त छळतो. हा परका देव त्याने पूजेला ठेवला होता की नुसता शोभेला? त्याच्या मुलानातवंडांना त्याचे नाव माहीत होते का?

ब्रह्मपुरीची ती वसाहत कशी संपली? बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरलाही सातवाहनकालीन मोठी वसाहत उत्खननात मिळाली. विटांची घरे, नाणी, वैदिक यज्ञांचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख. तीही पुढे ओस पडली. तिथे कोणी राजा उन्मत्त झाला आणि देव कोपला अशी कथा नाही. समुद्रापारचा व्यापार आटला, राजसत्ता सरकली, बाजार दुसरीकडे भरू लागला, माणसे पांगली. खऱ्या नगरी बहुधा अशा मरतात, एकेका घराने. अद्भुत लेखकांविषयी माझी एक मोठी तक्रार इथेच आहे. त्यांना कडेलोट आवडतो. एका माणसाचे पाप, एक लाट, एक ज्वालामुखी. याने कथा रंगते, पण ओस पडत चाललेल्या गावात मागे राहिलेल्या शेवटच्या दहा घरांची गोष्ट कोणी सांगत नाही.

याला तोलाचे उत्तर आपल्या महाभारतातच आहे. मौसलपर्वात द्वारका बुडते. यादव आपसांत लढून मरतात, कृष्ण जातो, आणि अर्जुन उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघतो तशी मागे समुद्र नगरी गिळत येतो. इथपर्यंत प्लेटोला शोभेल असेच आहे. पण महाभारतकार थांबत नाहीत. वाटेत आभीर लुटारू हल्ला करतात आणि ज्या गांडीवाने खांडववन जाळले, कुरुक्षेत्र जिंकले, ते अर्जुनाला ओढवत नाही. अस्त्रे आठवत नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. नगरी बुडणे एवढ्यावर संस्कृती संपत नाही. तिने माणसाला दिलेले बळही तिच्याबरोबर जाते, आणि तो माणूस जिवंत असतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या शेवटाकडे ज्या कोरड्या डोळ्यांनी पाहिले त्याने मराठी वाचकाची महाभारताकडे पाहण्याची नजरच बदलली.

बुडलेली देवळे सीमाभागाला नवी नाहीत. घटप्रभेवर हिडकलचे धरण झाले तेव्हा हुन्नूरचे विठ्ठल मंदिर जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली. धरणे होताना उठलेल्या गावांतली पिढी अजून आहे. तिला द्वारकेची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग मराठी लेखकांनी या साऱ्याचे काय केले? अद्भुताची आवड मराठी कादंबरीच्या जन्मापासून आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांतले राजपुत्र, राजकन्या, भुयारे, चमत्कार वाचकांनी डोक्यावर घेतले. पण त्यांतली राज्ये वर्तमानकाळात नांदतात. तिथे काही लयाला गेलेले नाही. हरवलेल्या वैभवाची खंत मराठीत आली ती दुसऱ्या दाराने, आणि ते दार उघडणारा माणूस बेळगाव जिल्ह्यातला होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३-१९०१) मूळचे खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचे. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक त्यांनी सुरू केले आणि १८७१ मध्ये त्यांची ‘मोचनगड’ आली. तिला मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड कल्पित. नकाशावर मोचनगड नाही. गुंजीकरांनी हे का केले असावे, याचा विचार केला तर एक गोष्ट दिसते. खऱ्या गडावर कथा रचली की तपशील पुराव्याला बांधले जातात. कल्पित गडाला दरवाजा कुठे, चोरवाट कुठे, किल्लेदार कोण हे लेखकाने ठरवायचे. जांबोटीच्या आजूबाजूच्या सह्याद्रीत, भीमगडासारख्या किल्ल्यांच्या शेजारी जन्मलेल्या माणसाला गड कसा असतो हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या लेखकांनी मात्र कल्पित गड सोडला आणि खरा धरला. १९०० मध्ये रॉबर्ट सूएलचे विजयनगरवरचे पुस्तक इंग्रजीत आले. त्याच्या नावातच विसरलेले साम्राज्य होते, आणि पोर्तुगीज प्रवाशांनी पाहिलेले हंपीचे बाजार, मिरवणुका, महाल प्रथमच सर्वांना वाचायला मिळाले. हरि नारायण आपट्यांनी आपल्या अखेरच्या काळात ‘वज्राघात’ लिहिली ती या साम्राज्याच्या नाशावर. २३ जानेवारी १५६५ ची लढाई आणि रामराजाचा वध या घटनेमागे आपट्यांनी एक खाजगी विश्वासघात उभा केला. रामराजाने तरुणपणी केलेली एक प्रतारणा वर्षानुवर्षांनी राज्यावर उलटते. कादंबरी म्हणून ती पकड घेते. पण इथेही तोच कडेलोट आहे. प्रत्यक्षात लढाईनंतर विजयनगरचे राजे पेनुकोंड्याला गेले, पुढे चंद्रगिरीला, आणि उतरत्या कळेने का होईना, सतराव्या शतकातही राज्य करत राहिले. ओस पडलेल्या हंपीचे नाव आपल्या पदवीत जपणारे ते राजे हा कादंबरीचा किती मोठा विषय आहे, हे रट्टांची बिरुदे वाचलेल्या माणसाला जास्त जाणवते.

ऐतिहासिक कादंबरी आणि अद्भुत कथा यांच्यातला फरक इथे उघड होतो. ऐतिहासिक कादंबरीतला भूतकाळ कोणाचा तरी असतो. वाचक त्याच्यावर हक्क सांगत वाचतो. यात वाईट काही नाही, रणजित देसाईंसारखा लेखक बेळगावच्या शेजारी कोवाडला राहून त्यातून लाखो वाचकांना वेड लावू शकला. पण सीमाभागात प्रत्येक दगडाला दोन भाषांचे वारस आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तर शिलालेखाची लिपी, राजाची मातृभाषा, गावाचे जुने नाव हे सगळे दाव्याचे पुरावे झाले. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात एकमेकांसमोर तोंड केलेली दोन गर्भगृहे आहेत, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. ती पाहायला आलेला माणूस मूर्तीच्या आधी कदंब आपले की त्यांचे हे विचारतो. जे लोक गेले त्यांना हा प्रश्न कळलाही नसता.

म्हणून या भागातून निघालेला मराठीतला सर्वांत मोठा अद्भुत लेखक मला इतका महत्त्वाचा वाटतो. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ चा, चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा. एकसंबा निपाणीच्या पूर्वेला, कृष्णा-दूधगंगेच्या काळ्या मातीत. बालपण आणि शिक्षण बेळगावात. पुढचे आयुष्य धारवाडला, जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. पहिल्या संग्रहांत, ‘निळासावळा’ (१९५९) पासून ‘रक्तचंदन’ (१९६६) पर्यंत, याच भागातली माणसे आहेत. गल्ल्या, वाडे, कौलारू घरे, कन्नड वळणाची नावे. ‘काजळमाया’ (१९७२), ‘रमलखुणा’ (१९७५), ‘पिंगळावेळ’ (१९७७) यांत ते आणखी दूर निघाले. ‘ऑर्फियस’मध्ये ग्रीक पाताळ, ‘यात्रिक’मध्ये डॉन किहोटे, ‘विदूषक’मध्ये एक बिननावाचा दरबार. आणि ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा: ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’.

‘इस्किलार’ वाचताना कुठला देश, कुठला काळ, हे ठरवता येत नाही. समुद्र आहे, देवता आहेत, त्यांच्या सेवेत आयुष्य घालवणारी माणसे आहेत, भविष्य आणि मृत्यू यांच्याविषयीचे फार जुने ज्ञान आहे. या जगामागे शतकांची परंपरा आहे आणि ती आता आपल्या ऐन भरात नाही, हे पानोपानी जाणवते. पण एकाही खुणेवर बोट ठेवून ‘हे विजयनगर’ किंवा ‘हे बॅबिलोन’ म्हणता येत नाही. टोल्किनने आपल्या राज्यांना नकाशे, वंशावळी, भाषांची व्याकरणे दिली. जीएंनी यातले काही दिले नाही. इंग्रजी वाचकाला टोल्किनचा भूतकाळ ‘आपला’ वाटावा अशी सोय आहे, तो स्वतः इंग्लंडला एक पुराण द्यावे म्हणूनच लिहायला बसला होता. जीएंच्या नगरीत कोणीच वारस म्हणून शिरू शकत नाही. मराठी माणूस नाही, कन्नड माणूस नाही, ग्रीकही नाही. दगडादगडावर हक्काची भाषा चालणाऱ्या मुलखातल्या लेखकाने कोणाचीच नसलेली राजधानी उभी करावी, ही माझ्या मते मराठी अद्भुतातली सर्वांत मोठी झेप आहे. त्यामागे सीमावादाचा हेतू होता असे मी म्हणत नाही. पण असा हेतू नसूनही कथा वाचकाला जिथे नेते ती जागा महत्त्वाची. हक्क संपले की अवशेषांसमोर माणूस एकटा उरतो आणि त्याला विचारावेच लागते की याचा माझ्या मरणाशी काय संबंध.

‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ ही कथा मी या विषयासाठी सर्वांत वर ठेवीन. तिच्यात एकही भग्न इमारत नाही. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस महंताच्या आग्रहावरून मठात मुक्कामाला जातो. आदरातिथ्य उत्तम. मग तो जमिनीखालच्या दालनात कायमचा कोंडला जातो, कारण मठाला स्वामी हवा असतो. त्याला छळत कोणी नाही. खायला-प्यायला सगळे मिळते. महंत सौम्यपणे, जवळजवळ मायेने बोलतो. त्याने बाहेर मात्र जायचे नाही. त्याचे आधीचे नाव, नोकरी, नाती संपली, आता तो स्वामी. हा मठ म्हणजे संपायला नकार देणारी संस्कृती आहे. तिच्यातला प्राण केव्हाच गेला असेल, पण चौकट शाबूत आहे आणि चौकटीला दर पिढीत एक जिवंत माणूस लागतो. पडलेली नगरी निदान कोणाला धरून ठेवत नाही. न पडलेली धरते. रट्टांनी लातूरचे बिरुद मिरवले तेव्हा मेलेले नगर जिवंत राजाच्या उपयोगी पडत होते. ‘स्वामी’त जिवंत माणूस मेलेल्या परंपरेच्या उपयोगी पडतो.

याच दशकात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्सुला ली ग्विन यांनी जवळपास हेच चित्र काढले. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) मध्ये टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून उचलून वाळवंटातल्या एका मंदिरस्थळी आणतात. ती मेलेल्या पुजारिणीचा पुनर्जन्म आहे असे ठरवले जाते. विधी करून तिचे नाव काढून घेतात, आणि पुढे ती आर्हा, म्हणजे गिळली गेलेली. तिचे देव इतके जुने की त्यांना नावे नाहीत. राजांनी नवे देव आणले आहेत, यात्रेकरू येत नाहीत, भिंती ढासळत आहेत, पण विधी चुकत नाही. जमिनीखालचे काळोखी भुयार तिला हाताच्या स्पर्शाने पाठ आहे. टेनार शेवटी गेड नावाच्या जादूगाराबरोबर बाहेर पडते, आणि ली ग्विन यांनी फार प्रामाणिकपणे दाखवले आहे की सुटल्यावर तिला आनंदाआधी भीती वाटते, कारण गुलामीखेरीज तिने काही पाहिलेलेच नसते.

जीएंचा माणूस बाहेर पडत नाही. त्याच्याजवळ एक वेल असते. हवेसाठी ठेवलेल्या नळीसारख्या वाटेने तो ती वर चढवतो, आणि ती उजेडापर्यंत पोचते. तो कधीच पोचणार नाही, हे त्याला कळलेले असते. ली ग्विन यांच्या कादंबरीत सुटकेला दुसरा माणूस लागतो. जीएंच्या कथेत तसा कोणी येत नाही, मग माणूस आपल्यातले जिवंत असलेले काहीतरी दुसऱ्या देहातून बाहेर पाठवतो. दोन्ही शेवट मला खरे वाटतात. पण मठ, गाद्या आणि वारसदार यांच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाला दुसरा अधिक जवळून लागतो.

जीएंनंतर मराठीत लुप्त संस्कृतीचा विषय विज्ञानकथेने उचलला. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) जन्माने कोल्हापूरचे. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत प्रयोगासाठी खोल खोदकाम चालू असताना एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वी नाहीशी झालेल्या प्रगत संस्कृतीने आपले ज्ञान त्यात मागे ठेवलेले असते. त्या ज्ञानावरून आजचे शास्त्रज्ञ बुद्धिमान यंत्रमानव बनवतात, आणि ती संस्कृती अशाच यंत्रमानवांमुळे संपली हे उशिरा कळते. टोल्किनच्या मोरियातही बुटके लोक हावेपोटी फार खोल खणतात आणि झोपलेले संकट जागे करतात. नारळीकरांचे शास्त्रज्ञ हावरे नाहीत. ते जिज्ञासू आहेत, म्हणून धोका अधिक खरा वाटतो. तीन पावले जमीन मागणाऱ्या बटूचे पुराण त्यांनी यंत्राला लावले ते फार नेमके आहे: मागणी लहान दिसते, देणाऱ्याला आपण काय दिले ते नंतर कळते.

आजच्या नव्या अद्भुत लेखकांनी मात्र युरोपातले मनोरे आणि ड्रॅगन सोडून आपल्या बांधावर पाहावे असे मला कळकळीने वाटते. बेळगाव-चिकोडी-हुक्केरीच्या शिवारात वीरगळ ठायी ठायी उभे आहेत. गुडघ्या-कमरेइतकी शिळा, तिच्यावर तीन किंवा चार पट्टे, वाचायचे खालून वर. तळाच्या पट्ट्यात लढाई, पुष्कळदा गुरे सोडवण्यासाठीची: ढाल पुढे केलेला एक माणूस, मागे बैल. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना अप्सरा, त्या त्याला खांद्याशी धरून वर नेताहेत. वरच्या पट्ट्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. अगदी वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे हे दोन असेपर्यंत कीर्ती राहो. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, किंवा असले तर झिजलेले. शेतमालक अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावतो, नारळ फोडतो, आणि तो देव आहे असे म्हणतो. लढलेला माणूस कोण होता, कोणाची गुरे होती, कोणता राजा, काहीच उरले नाही. एका गावाने मात्र एका मरणाची आठशे वर्षे नोंद ठेवली आहे. इथून कथा सुरू करायला काय हरकत आहे?

या विषयात शिरू पाहणाऱ्याने सुरुवात ‘स्वामी’ने करावी, एका बैठकीत. त्यानंतर ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, म्हणजे दोन्ही भुयारे शेजारी शेजारी दिसतील. मग मौसलपर्व, मूळ कथेच्या जवळ जाणाऱ्या एखाद्या मराठी भाषांतरातून. ‘वामन परत न आला’ कधीही वाचता येईल. ‘इस्किलार’ शेवटी ठेवावी आणि घाई करू नये. पहिल्या वाचनात ती हाताला लागत नाही, दुसऱ्या वाचनात नावे ओळखीची होतात, आणि तिसऱ्या वाचनात आपण ती कुठल्या देशातली आहे हे विचारायचे सोडून देतो.